स्विफ्ट डिझेलला रिमॅप, ट्युनिंग बॉक्स की काहीच नको? बजेट २५ हजार

विक्रोळीचा_डीडीआयएस

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदा, चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी स्विफ्ट व्हीडीआय २०१४ ची, एमएच०३, १ लाख १८ हजार झालेत. बाबांची गाडी, आता त्यांनी चालवणं सोडलं म्हणून माझ्याकडे आली. रोज विक्रोळी ते अंधेरी जेव्हीएलआरवरून (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), म्हणजे पहिला-दुसरा-पहिला-न्यूट्रल एवढाच कार्यक्रम, आणि महिन्यातनं एकदा गावी ओतूरला, माळशेज चढून. त्रास असा की २००० आरपीएमच्या खाली गाडीत जीवच नाही. जेव्हीएलआरला सिग्नल सुटला की मागचे रिक्षावाले पण हॉर्न मारतात, आणि माळशेजला मागच्या महिन्यात पाच माणसं, एसी चालू, डिकीत तांदळाची गोणी, एका वळणावर तिसऱ्यात घेतली तर गाडी अक्षरशः बसली, परत दुसरा टाकेपर्यंत मागनं भाजीचा टेम्पो अंगावर. बाबा बाजूला बसून म्हणाले गाडी अशी नव्हती रे. तेव्हापासून डोक्यात किडा आहे.

आत्तापर्यंत हे ऑप्शन कळलेत.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका दुकानात ९ हजारात बॉक्स, नाव-गाव काही नाही, दहा मिनिटात लावतो म्हणाला. नावाजलेल्या कंपनीचा ट्युनिंग बॉक्स १८-२० हजाराच्या आसपास सांगतायत. ठाण्यात एक जण १४ हजारात रिमॅप म्हणून "फाइल मारून देतो, अर्धा तास, चहा पिऊन या" म्हणतो. नवी मुंबईत एकाने २८ सांगितले, डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधी-नंतर दाखवणार, तो पैसे कमी करायला तयारच नाही. शिवाय ऑनलाइन ६०० रुपयाचा ओबीडीत (स्कॅनर लावायच्या पोर्टात) खोचायचा प्लग दिसतोय ज्याचे रिव्ह्यू भारी आहेत, आणि थ्रॉटल कंट्रोलर म्हणून काहीतरी आहे ते ८-९ हजारापर्यंत.

माझं बजेट ओढूनताणून २५. रेस लावायची नाहीये, फक्त खालचा पिकअप पाहिजे आणि घाटात लाज नको. काय करू?

बत्ती_गुल

६०० चा प्लग घे. एलईडी एकदम छान लुकलुकते, रात्री बोअर नाही होणार.

विक्रोळीचा_डीडीआयएस

हाहा, म्हणजे पूर्ण फसवणूक? रिव्ह्यू तर साडेचार स्टारचे आहेत

बत्ती_गुल

अरे मी घेतला होता म्हणून सांगतोय ना. उघडला. आत एक छोटी चिप आणि तीन लाइटी, गाडीच्या कॅन लाइनशी बोलायला जो ट्रान्सिव्हर लागतो तोच नाही. म्हणजे तो गाडीशी बोलतच नाही, नुसती वीज खातो. जे रिव्ह्यू लिहितात त्यांचं असंय की पैसे घातले की गाडी आपोआप पळायला लागते, वॉशिंग करून आणल्यावर नाही का गाडी स्मूथ वाटत.

मल्टीजेट_मामा

विक्रोळीकर, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं, कारण हेच इंजिन मी दोन गाड्यांत मिळून तीन लाखाच्या वर चालवलंय. जरा सविस्तर लिहितो, कामातनं वेळ काढून लिहितोय तर विस्कळीत असेल.

पहिली गोष्ट, २००० च्या खाली जीव नाही ही निम्मी तक्रार जन्मजात आहे. तुमचं इंजिन म्हणजे फिएटचं १२४८ सीसी मल्टीजेट, ७५ पीएस पॉवर आणि १९० एनएम टॉर्क म्हणजे ओढ, आणि तो १९० चा आकडा मिळतोच मुळी २००० आरपीएमला. टर्बो फिक्स्ड जॉमेट्रीचा, म्हणजे एक्झॉस्टचा झोत पुरेसा झाल्याशिवाय तो फिरत नाही, तोपर्यंत तुम्ही जवळजवळ बिनटर्बोचं १.३ डिझेल चालवताय. मारुतीने हेच इंजिन ९० पीएसमध्ये सियाझला, अर्टिगाला, ब्रेझाला दिलं, त्यात व्हीजीटी टर्बो आहे, पाती हलणारी. आता लगेच कोणीतरी विचारेल की मग ९० वाली फाइल ७५ वाल्यात टाकली तर, म्हणून आधीच सांगतो, नाही चालत. टर्बो वेगळा आहे, ती फाइल ज्या पात्यांना हुकूम सोडणार ती पातीच तुमच्याकडे नाहीत.

आता ऑप्शनचं. थ्रॉटल कंट्रोलर पॉवर एक पैशाची वाढवत नाही. तुम्ही पेडल ३० टक्के दाबलं तर तो ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ५० टक्के सांगतो, बास. पाय थोडा जास्त दाबला तर तेच फुकटात होतं. काही लोकांना आवडतो, माझं म्हणणं तुमच्या बजेटात तो नको.

ट्युनिंग बॉक्स म्हणजे खोटं बोलणारा मध्यस्थ. कॉमन रेलमध्ये डिझेल हजार-दीड हजार बार प्रेशरने तुंबून असतं आणि किती प्रेशर आहे ते एक सेन्सर ईसीयूला सांगत असतो. बॉक्स त्या सेन्सरच्या वायरमध्ये बसतो आणि सांगतो की प्रेशर कमी आहे हो. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, नोजल उघडं राहतं तेवढाच वेळ पण जास्त डिझेल आत जातं. चांगल्या कंपनीच्या बॉक्समध्ये, आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा डीझलट्रॉनिक बऱ्याच जणांना माहीत असेल, आरपीएम नि लोड बघून किती खोटं बोलायचं ते ठरतं, आणि मॅप बदलता येतात. सीएसटी रोडच्या बिननावाच्या डबीत बऱ्याचदा नुसता रेझिस्टर असतो, तो आयडलिंगलाही खोटं बोलतो आणि फुल लोडलाही तेवढंच खोटं बोलतो. मग आयडलला टकटक आवाज, वर काळा धूर. ते ९ हजार वाचवा.

बॉक्सचा खरा फायदा एकच, काढता येतो. गाडी विकताना काढा, दुसऱ्या गाडीला त्या गाडीचं हार्नेस घेऊन लावा.

रिमॅप म्हणजे ईसीयूच्या आतला हिशोबच नव्याने लिहिणं. कुठल्या आरपीएमला किती डिझेल, कधी सोडायचं, किती टॉर्कला हात आखडायचा, धूर होऊ नये म्हणून हवेच्या मानाने डिझेलवर किती लगाम, हे सगळे तक्ते असतात. नीट केला तर या इंजिनाला लोक ९०-९५ पीएस आणि २३० एनएमच्या आसपास सांगतात, आणि मला स्वतःला आकड्यापेक्षा १७०० ते २२०० मधला तो धक्का सपाट होतो ते जास्त आवडलं. पण लॅग (टर्बो जागा होईपर्यंतचा उशीर) जात नाही. कमी होतो. १२०० आरपीएमला तिसऱ्यात पेडल दाबून गाडी उचलेल असं कोणी सांगत असेल तर तो विक्रेता आहे.

आणि आता मुख्य मुद्दा जो खरं तर पहिल्यांदा लिहायला हवा होता. तुमचे बाबा म्हणाले गाडी अशी नव्हती. ते बारा आण्याचं डायग्नोसिस आहे. १ लाख १८ हजारावर ७५ चे किती उरलेत ते आधी बघा. समजा ६२ उरले असतील आणि तुम्ही त्यावर रिमॅप मारला तर २८ हजार घालून तुम्ही परत कंपनीच्या पॉवरला याल आणि म्हणाल वा काय फरक पडला. आजारी माणसाला टॉनिक पाजण्यातला प्रकार.

म्हणून आधी लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर लावून घ्या, नुसते एरर कोड नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्हॉल्व्ह) उघडून बघा, या इंजिनात ती काजळीने गच्च होते आणि इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाला डांबरासारखा थर बसतो. एअर फ्लो सेन्सर त्याच्याच स्प्रेने साफ, कपड्याने नाही. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारे रबरी पाइप हाताने चाचपा, खालच्या बाजूने तेलकट असेल तर चिरलाय समजा. डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला आठवत नसेल तर बदला. नोजलची लीक-ऑफ टेस्ट, म्हणजे कुठलं नोजल किती डिझेल परत सोडतंय ते. हे सगळं मिळून ५-७ हजारात होतं, बाहेरच्या गॅरेजला.

डोंबिवली_फास्ट_नाही

मामांशी सहमत आणि माझा अनुभव पण लिहितो म्हणजे १४ हजारवाल्याकडे जायच्या आधी वाचाल.

माझी पण १.३ च, दुसऱ्या कंपनीची सेडान (हे इंजिन टाटा, फिएट, शेवरले, मारुती सगळ्यांनीच वापरलं, लोक गमतीने नॅशनल इंजिन म्हणायचे ते उगाच नाही). मी असाच अर्ध्या तासाचा स्वस्तातला रिमॅप केला. नाव घेत नाही. आला, लॅपटॉप आणि टूल काढलं, ओबीडीतनं केबल, बॅटरीला सपोर्ट चार्जर वगैरे काही नाही, मला तेव्हा कळतही नव्हतं की लिहिताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू मरू शकतो. पहिले दोन दिवस स्वर्ग. शिळफाट्याला एसयूव्ही मागे. मग लक्षात आलं की पेडल दाबलं की मागचं सगळं आरशात काळं होतंय, एक बाइकवाला सिग्नलला काच वाजवून शिव्या देऊन गेला, बरोबरच होतं त्याचं.

महिन्याभरात कसारा घाटात चौथ्यात आरपीएम वर जातोय पण स्पीड नाही. क्लच सटकायला लागला. क्लच आधीच ९० हजार चाललेला, त्याच्यावर अचानक २००० ला सगळा टॉर्क एकदम फेकला, दुसरं काय होणार. क्लच सेटला बारा-तेरा गेले. परत त्याच्याकडे गेलो ओरिजिनल फाइल टाक म्हणून तर म्हणे ती सेव्ह नाही केली. नंतर दुसऱ्या ट्युनरने फाइल वाचून सांगितलं की ही नेटवरनं उतरवलेली आहे, धुराच्या लगामाचा तक्ता सरळ वर ढकलून ठेवलाय, म्हणजे हवा असो नसो डिझेल ओत. त्याने दुरुस्त करायचे वेगळे घेतले. १४ चे शेवटी चाळीसच्या घरात गेले.

तर ट्युनरला विचार: माझी आत्ताची फाइल आधी वाचून तिची कॉपी मला देणार का. नाही म्हणाला तर चहा पण पिऊ नको, निघ.

टीएसआय_टिळकनगर

थोडं विषयांतर पण बजेटवाल्यांना उपयोग होईल. माझी पोलो जीटी १.२ टीएसआय, १०५ पीएस आणि १७५ एनएम स्टॉक. स्टेज वन (पहिल्या पायरीचा रिमॅप) केला चार वर्षापूर्वी, चांगल्या माणसाकडून, गाडी साधारण १३० पीएसला आली असावी, आणि खरं सांगतो रोज हसू येतं. पेट्रोल टर्बोला रिमॅपचा पैसा वसूल होतो कारण इथे इग्निशन टायमिंग, बूस्ट, फ्युएल तिन्ही हातात असतात.

पण तीन खर्च कोणी सांगत नाही. एक, त्यानंतर साधं पेट्रोल बंद, ९५ ऑक्टेनच्या खाली टाकायचं नाही असं ट्युनरने बजावलं, आणि मुंबईत साधंच पेट्रोल शंभरच्या वर आहे, वर्षाचा हिशोब करा. दोन, ७ स्पीड डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ड्राय क्लचचा आहे, त्याची मर्यादा २५० एनएम धरतात, म्हणून त्याच्या बरंच खाली ठेवायचा टॉर्क, कोणी २७० देतो म्हणाला तर गिअरबॉक्सचा खर्च कोण देणार ते पण विचारा. तीन, वॉरंटी. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्या सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरला लावल्या आणि फाइल बदललेली सापडली तर टीडी१ असा शिक्का बसू शकतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सचा क्लेम विसरा. "स्टॉक फाइल टाकून सर्व्हिसला जा" हा उपाय पण शंभर टक्के नाही, किती वेळा फ्लॅश झाला त्याचा काउंटर असतो.

विक्रोळीकर तुमची गाडी वॉरंटीच्या कधीच बाहेर आहे, ती चिंता नाही तुम्हाला.

वॅगनार_वाली

मध्येच विचारते, माझी वॅगनार १.२ पेट्रोल मॅन्युअल, ठाण्याच्या त्याच लोकांनी मला १२ हजारात रिमॅप करून "२० टक्के पिकअप आणि अ‍ॅव्हरेज पण वाढेल" सांगितलंय. करू का?

मल्टीजेट_मामा

ताई, नको. तुमच्या इंजिनाला टर्बो नाही. टर्बो असेल तर हवा जास्त कोंबता येते, तुमचं इंजिन वातावरणातनं जेवढी हवा ओढतं तेवढीच. मग उरतं काय, टायमिंग थोडं पुढे आणि मिश्रणात थोडा फरक, त्यातनं चार-पाच पीएस निघाले तर नशीब, आणि ते पायाला कळणार पण नाहीत. २० टक्के हा आकडा टर्बो गाड्यांच्या जाहिरातीतनं उचललेला आहे. १२ हजारात चार चांगले टायर जवळपास येतात, प्लग बदला, एअर फिल्टर बदला, टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघा.

आणि अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणणाऱ्यांबद्दल: डिझेलमध्ये वाढू शकतं, पण तोच पाय ठेवला तर. नवीन पॉवर आली की पाय तोच राहतो का? माझा नाही राहिला.

वॅगनार_वाली

थँक्यू मामा. टायर घेते.

पीयूसी_पंडित

सगळे पॉवरचं बोलतायत म्हणून मी कटकट्या माणूस कायद्याचं बोलतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने जसं बनवलं आणि आरसीवर जे तपशील आहेत त्यात फरक पडेल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण हेच उचलून धरलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२ए आलं, त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावरचा हवालदार तुमचा ईसीयू वाचायला बसणार नाही हे मला पण माहितेय, सायलेन्सर आणि काळ्या काचा दिसतात, फाइल दिसत नाही. पण इन्शुरन्स हा वेगळा विषय आहे. मोठा अपघात झाला, सर्व्हेअर आला आणि न कळवलेला बदल निघाला तर क्लेम अडकवायला त्यांना आयतं कारण. बॉक्स असेल तर तो बॉनेट उघडताच दिसतो हे पण लक्षात घ्या.

दुसरं पीयूसी. बीएस४ डिझेलला धुराची के व्हॅल्यू १.६२ च्या आत लागते. नीट केलेल्या रिमॅपला ते जमतं. डोंबिवलीकरांच्या त्या काळ्या फाइलला प्रामाणिक मशीनवर जमणार नाही, आणि ईजीआर सॉफ्टवेअरमधनं बंद करतो असं जो फुकटात सांगेल त्याला हात जोडा. बीएस६ वाल्यांनी डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काढायचा विचार पण करू नये, फिल्टर काढला की गाडी सरळसरळ प्रदूषणाची गुन्हेगार.

तिसरं, २०१४ ची गाडी म्हणजे २०२९ ला १५ वर्षं. २८ हजार किती वर्षात वाटून घ्यायचे ते तुमचं तुम्ही बघा.

डोंबिवली_फास्ट_नाही

पंडित आले की पार्टी संपते 😂 पण बरोबर आहे

विक्रोळीचा_डीडीआयएस

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. रविवारी भांडुपच्या एका मेकॅनिककडे स्कॅनर लावला, मामांनी सांगितल्याप्रमाणे लाइव्ह डेटा मागितला तर तो आधी म्हणाला एरर नाहीये गाडी ओके आहे. मग माझ्या मित्राची डिझायर डिझेल आहे, हेच इंजिन, २०१५ ची, ती पण बोलावली आणि दोन्ही गाड्या ईस्टर्न एक्सप्रेसवर पहाटे साडेपाचला तिसऱ्यात २००० ते ३००० फुल पेडल एकाच पट्ट्यात चालवल्या. माझ्यात मॅनिफोल्डचं प्रेशर १.६ बारच्या वर जातच नव्हतं, त्याच्यात २ च्या वर जात होतं. म्हणजे टर्बो हवा कोंबतोय ती वाटेत कुठेतरी गळतेय असं मला वाटलं. बरोबर आहे का? की टर्बोच गेला? टर्बो गेला असेल तर मी गाडीच विकतो.

मल्टीजेट_मामा

दोन गाड्या शेजारी लावून बघणं ही आयडिया मला सुचली नव्हती, मस्त. टर्बो आधी दोषी धरू नका, शेवटी धरा. शिट्टीचा आवाज वाढलाय का? निळा धूर? इंजिन ऑइल पितंय? तिन्ही नाही असतील तर पाइपच बघा. गाडी वर उचलून, क्लिपा सोडून, पाइप बाहेर काढून वाकवून बघायचा, गाडीवर असताना चीर मिटलेली दिसते, प्रेशर आलं की उघडते. म्हणूनच एरर येत नाही आणि म्हणूनच मेकॅनिक ओके म्हणतो.

टीएसआय_टिळकनगर

साबणाचं पाणी मारून धुराच्या मशीनशिवाय पण सापडतं. आमच्या गॅरेजवाल्याने बाइकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह पीव्हीसीच्या बुचात बसवून घरगुती टेस्टर केलाय, कंप्रेसरने अर्धा-एक बार सोडतो आणि बुडबुडे बघतो. पण जास्त सोडायचं नाही.

विक्रोळीचा_डीडीआयएस

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले, सॉरी, मध्ये आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं.

पाइप चिरलेलाच निघाला. क्लिपच्या अगदी मागे, बोटभर चीर, बाहेरून तेलकट चिखल बसला होता म्हणून कोणाला दिसली नाही. पाइप आणि दोन क्लिपा २१००. ईजीआर काढून साफ केली, आतनं जे निघालं त्याचा फोटो टाकणार होतो पण जेवणाची वेळ आहे. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, एअर फ्लो सेन्सरची सफाई, मजुरी सगळं धरून ७४०० झाले. लीक-ऑफमध्ये चारही नोजल ठीक.

परत साडेपाचला तोच पट्टा, प्रेशर २ ला टेकलं. शनिवारी बाबांना मुद्दाम बाजूला बसवून माळशेज चढलो, त्याच वळणावर, या वेळी चार माणसं होती आणि गोणी नव्हती त्यामुळे तुलना अगदी खरी नाही, पण तिसऱ्यात गेली. रडतखडत नाही, नीट. बाबा काही बोलले नाहीत, फक्त बोगदा आल्यावर भज्यांसाठी थांबव म्हणाले.

पण आता खरं सांगू? जेव्हीएलआरवर अजून १५०० ला मेल्यासारखीच आहे. मामा म्हणाले ते जन्मजात. आणि हातात अजून १७ हजार सहाशे आहेत 😀

बत्ती_गुल

किडा काही मरत नाही

मल्टीजेट_मामा

मरू पण नये, हौसेचे पैसे आहेत. फक्त क्लच आधी. चौथ्यात ४० च्या स्पीडला फुल पेडल द्या, चढावर. आरपीएम आणि स्पीड बरोबर चढले तर क्लचमध्ये जीव आहे. आरपीएम एकटाच उडाला तर १७ हजार तिकडेच गेले समजा, आणि रिमॅपच्या आधी गेले ते बरं.

क्लच चांगला असेल तर माझं मत: १४ वाला नको, सीएसटी रोडची डबी नको. नवी मुंबईवाल्याला सांगा की मला फुल स्टेज वन नको, सौम्य फाइल दे, टॉर्क २१०-२१५ पर्यंतच, १८०० च्या खाली जोर लावू नकोस, धुराचा लगाम तसाच ठेव, आधीची फाइल पेनड्राइव्हवर मला. चांगला ट्युनर अशा गिऱ्हाइकाला खूश होतो, कधी कधी पैसे पण कमी करतो कारण परत येऊन डोकं खाणार नाही हे त्याला कळतं. आणि डायनोवर आधीचा रन घ्यायचाच, तुमची गाडी आता बरी झालीये, तो आकडा तुम्हाला पण बघायचा असेल. चाकावरचा आकडा ७५ पेक्षा बराच कमी दिसेल, घाबरू नका, गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात, कंपनी इंजिनावरचा आकडा छापते.

पैसे कमी पडत असतील तर दिवाळीपर्यंत थांबा. गाडी तर पळतेय आता.

विक्रोळीचा_डीडीआयएस

आज घाटकोपर-मानखुर्दच्या पुलाच्या चढावर चौथ्यात ४० ला दाबून बघितलं. दोनदा केलं. आरपीएम आधी २०० ने उडतो, मग पकडतो.

डोंबिवली_फास्ट_नाही

बारा हजार. ये डोंबिवलीला, माझावाला मिस्त्री चांगला आहे, मेसेज कर.

पीयूसी_पंडित

बघा, पार्टी मी नाही संपवली या वेळी.

विक्रोळीचा_डीडीआयएस

केला मेसेज. क्लच सेटबरोबर रिलीज बेअरिंग आपोआप येतं की वेगळं सांगावं लागतं?

डोंबिवली_फास्ट_नाही

तीन पीसचा सेट माग, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. डबा समोर उघडायला सांग आणि जुना माल घरी घेऊन जा. गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर मागचं ऑइल सील पण बघायला सांग, परत तीच मजुरी नको.